पाठीचा खरारा

माझे आजोबा, म्हणजे आमचे तात्या, बावीस वर्षं सैन्यात होते. गावात सांगताना ते 'सीमेवर होतो' एवढंच सांगतात. सीमेवर ते खेचरं सांभाळत होते हे सांगत नाहीत, पण ते सगळ्या गावाला माहीत आहे, कारण आमच्या आज्जीनं ते लग्न झाल्याझाल्या पाणवठ्यावर जाहीर करून टाकलं होतं.

खेचराला रोज खरारा लागतो. खरारा म्हणजे कोरड्या अंगावर कोरडा ब्रश, मानेपासून मागं, केसांच्या दिशेनं. वर सिक्कीमच्या बर्फात माणसांना आंघोळीला पाणी नव्हतं, म्हणून खेचराचा झाला की तोच ब्रश तात्या स्वतःच्या अंगावर फिरवायचे. पुढं पेन्शन सुरू झाली आणि तो सरकारी ब्रश ट्रंकेच्या तळाशी लपून साताऱ्याजवळच्या आमच्या गावी आला. तेव्हापासून रोज पहाटे पाचला अंगणात खाकी चड्डीवर उभं राहून तात्या स्वतःचा खरारा करतात. शहात्तराव्या वर्षी त्यांच्या अंगाची कातडी तिशीतल्या गड्यासारखी आहे. ब्रश तोंडावर फिरवत नाहीत, त्यामुळं तोंड शहात्तरचंच राहिलं.

खेचरांबद्दल त्यांचं मत वाईट आहे. खेचर लबाड असतं, कितीही मायेनं घासा, चारी पाय रोवून उभं राहतं आणि लाथ कधी घालेल त्याचा नेम नसतो. पण एकदा त्याला तुमचा हात पटला, की ते मागचा एक पाय सैल सोडून खुराच्या टोकावर टेकवतं. "पाय सैल पडला की समजायचं, गडी आपला झाला," असं ते मला लहानपणी सांगायचे. मी ते वर्गातल्या मुलींवर, मास्तरांवर आणि पुढं एका मुलावरही वापरून पाहिलं. त्यापेक्षा खेचरं बरी असावीत.

प्रश्न होता पाठीचा. स्वतःच्या पाठीला हात पुरत नाही. तिथं आज्जी असायची. "माझ्या बापानं मला घोडी धुवायला दिलीया व्हय," म्हणत ती खसाखसा घासायची आणि तात्या भिंतीला हात टेकून गप उभे असायचे. तीन वर्षांपूर्वी आज्जी गेली आणि पाठ तशीच राहिली. आई सून, ती सासऱ्याच्या पाठीला हात कसा लावणार? पप्पांचं आणि तात्यांचं बोलणं वीजबिलापुरतं. मी चौदा वर्षांची झाले तेव्हापासून तात्यांनी माझ्या डोक्यावरसुद्धा हात ठेवलेला नव्हता. आणि मागून घेणं हा त्यांचा स्वभावच नाही.

आधी त्यांनी दाराची चौकट वापरली. तिथला रंग गेला तेव्हा पप्पा बोलले. मग अंगणातल्या कडुलिंबाला त्यांनी एक ब्रश खिळ्यांनी ठोकला आणि त्याच्यावर पाठ घासायला लागले. एका दुपारी शेजारच्या नानासोंची म्हैस तिथंच अंग घासताना सापडली. त्या दिवशी तात्यांनी खिळे उपटले आणि त्यानंतर पाठीचा विषय कधी काढला नाही.

आता माझं. मी शिवांजली, वय चोवीस. मी महाबळेश्वरच्या एका हॉटेलात रिसेप्शनला आहे, असं घरी सांगितलेलं होतं. खरं म्हणजे मी तिथल्या स्पामध्ये आहे. पाहुण्या बायकांना आंघोळीआधी कोरड्या ब्रशनं घासते, पावलापासून वर, काळजाच्या दिशेनं. कार्डावर त्याला 'ड्राय ब्रशिंग' म्हणतात आणि त्यानं शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात असं लिहिलंय. दीड वर्षात एकही द्रव्य मी बाहेर पडताना पाहिलेलं नाही. पण कपाळाला आठ्या घालून आलेली बाई परत जाताना माझं गाव विचारते, एवढं नक्की. मला हे काम आवडतं. आमच्याकडं मात्र 'मसाज' हा शब्द घरात उच्चारायची सोय नाही. पप्पांना कळलं असतं तर त्यांनी त्याच आठवड्यात मला घरी आणून बसवलं असतं, आणि पुढच्या आठवड्यात पोहे खायला पाहुणे.

पावसाळ्यात महाबळेश्वरला काहीच वाळत नाही. ब्रशांना बुरशी धरते. म्हणून श्रावण संपताना सुट्टीला आले तेव्हा चार ब्रश साबणानं धुऊन पिशवीत घेऊन आले आणि आमच्या गच्चीवर उन्हात ठेवले. तासाभरानं वर गेले तर तात्या एक ब्रश हातात घेऊन बसलेले. तंतू त्यांनी तळहातावर घासून पाहिले होते.

"घायपाताचं हाय," ते म्हणाले. "मऊ हाय, पर घोड्याला चालतंय. तू पागंत हाईस व्हय गं?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण तात्यांचा चेहरा तीन वर्षांत इतका खुललेला नव्हता. महाबळेश्वरला तलावाकाठी घोडी फिरवतात हे सगळ्यांना माहीत. नात आपल्या वळणावर गेली, घरच्यांना सांगायला लाजते, असा सगळा हिशेब त्यांनी मनातल्या मनात जुळवून टाकला होता.

"व्हय," मी म्हणाले. एक खोटं आधीच होतं, त्याच्यावर दुसरं बसवलं.

"बापाला सांगू नगं. त्येला जनावरातलं काय कळतंय," ते म्हणाले.

दहा दिवसांनी ते न सांगता आले. आमचा वॉचमन लालासाहेब स्वतः फौजी. तात्यांनी युनिटचं नाव सांगताच त्यानं सलाम ठोकला आणि 'शिवांजलीला भेटायचंय' म्हणताच त्यांना थेट स्पाच्या दारात आणून सोडलं. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हातात गुळाची पिशवी. घोड्याला गूळ द्यायचा तर तो सांगलीच्या पेठेतलाच, म्हणून दोन एसट्या बदलून ते आधी सांगलीला जाऊन आले होते. आम्हा नातवंडांना त्यांनी आजवर गावच्या दुकानापलीकडचा गूळ चारलेला नाही.

आत सोफ्यावर पांढऱ्या झग्यात गुणमाला काकू, माझ्या नेहमीच्या पाहुण्या, काढा पीत बसल्या होत्या. सांगलीच्या, घरचा हळद-गुळाचा व्यापार. मी नुकतीच त्यांची पाठ करून हात पुसत होते.

तात्यांनी चारी बाजूंना पाहिलं. उदबत्ती, टॉवेलच्या घड्या, काचेच्या भांड्यात फुलं. "घोडी कुठायत?"

"घोडी न्हाईत, तात्या."

"मग खरारा कुणाला करतीस?"

काकूंनी कप खाली ठेवला. "मला," त्या म्हणाल्या.

तात्यांनी मान खाली घातली. परस्त्रीकडं झग्यात बघायचं नाही म्हणून असेल, किंवा माझ्याकडं बघवेना म्हणून. काकूंनी तेवढ्यात पिशवीतल्या गुळाचा खडा मोडून जिभेवर ठेवला. "लय पिवळा हाय, पावडर घातलीया," त्या म्हणाल्या. "घोड्यांच्या नशिबी नव्हता ते बरं झालं." आणि काढा घेऊन आतल्या खोलीत गेल्या.

"बाप्ये येत्यात?" तात्यांनी विचारलं.

"न्हाई. माझ्याकडं फकस्त बायका."

"कुठनं सुरू करतीस?"

"पावलापासनं. वर."

"उलटं हाय."

"माणसाचं असंच असतंय, तात्या."

ते बराच वेळ पिशवीची गाठ मारत बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पाठ बी करतीस?"

"पाठ बी."

"कुणाची बी?"

"कुणी बी बाई आली तरी."

ते उठले. स्टँडपर्यंत मी छत्री धरून गेले. मेढ्यावरून साताऱ्याला जाणारी एसटी लागली तेव्हा ते म्हणाले, "मला खोटं सांगितलंस." मी म्हणाले, "पप्पा घरी बसवत्याल." ते म्हणाले, "व्हय, बसवंल," आणि गाडीत चढले. सांगणार की नाही, काही बोलले नाहीत. खिडकीतूनही बघितलं नाही. घरी बसवलं जाईन याची भीती होतीच, पण त्या दिवशी मला जास्त लागलं ते त्यांचं न बघणं.

आठवडाभर फोन वाजला की मी आधी नाव बघायचे. पप्पांचा फोन आला नाही. मंगळवारी सुट्टीला घरी गेले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. पप्पांची दुसरी पाळी असल्यानं ते दारात दात घासत उभे होते, आई भांडी घासत होती, आणि पलीकडं नानासो म्हशीला पाणी दाखवत होते. पहाटे पाचला उरकणारे तात्या त्या भर उजेडात उघडे, भिंतीला हात टेकून उभे होते. मला बघून त्यांनी तो सरकारी ब्रश मागच्या मागं पुढं केला.

"पाठीला हात पुरत न्हाई," ते म्हणाले. तीन वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणाजवळही काढलं नव्हतं.

पप्पांनी तोंडातला ब्रश काढला. "हे काय चाललंय?"

"ती ह्येच काम करती," तात्या भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाले. "बायकांचं. मी जाऊन बघून आलोय. काम नीट हाय."

"म्हणजे? रिसेप्शन..."

"तू चूळ भर आदी."

मी कमरेपासून वर घ्यायला गेले. "मानंपास्न," तात्या म्हणाले. मानेपासून खाली घेतला. बाकीचं अंग तिशीचं, पण पाठ कोरडी, पांढुरकी, भेगाळलेली. तीन वर्षं तिथं माणसाचा हात लागला नव्हता. मला रडू आलं. ते कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी आज्जीसारखं खसाखसा घासायला लागले.

तात्या दोन्ही पाय रोवून, ताठ उभे होते. पप्पा दारातच थांबले होते, तोंडाला फेस तसाच. आई भांडी घासायची थांबली होती. खांद्याच्या हाडाखाली पोचले तेव्हा माझी नजर खाली गेली. तात्यांची डावी टाच हळूच उचलली गेली, गुडघा मोडला आणि पाय चवड्यावर सैल पडला.

मी हात थांबवला नाही.