इसाडात बसवलेला काटा

माझा बा सुकराम हा अर्जुनी मोरगावजवळच्या मालगुजाराचा, म्हणजे तिथल्या जमीनदाराचा, डायवर. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या त्या काळात मोटार दिसली की लोक नांगर सोडून बांधावर येत, आणि बा त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. एवढा तोरा! तो तोरा त्याच्या कानांचा होता. नुसता इंजिनाचा आवाज ऐकून तो सांगायचा, तेल कमी झालंय. आणि तेल कमीच निघायचं. मालगुजार छोटेलालजी पाहुण्यांना सांगत, "आमच्या सुकरामले इंजिनाची शिंक आयकू येते."

मग एका पावसाळ्यात त्याला हिवतापाने धरलं. कोयनेलच्या गोळ्यांनी ताप गेला, पण जाताना डावा कान पार घेऊन गेला आणि उजवा अर्धा. हे फक्त माझ्या मायला, रुख्माला, ठाऊक होतं. बहिऱ्या डायवरला कोण ठेवणार? आणि बाला मोटारीशिवाय जगात दुसरं काही नको होतं. धानाच्या बांधीत उभा केला तर तो चिखलाकडे असा बघे, की चिखलालाच लाज वाटावी.

"कान नाही तं डोळ्यानं चालवीन," तो मायला म्हणाला.

गोंदियाला मोडीत निघालेल्या एका लॉरीतून त्याने तेलाच्या दाबाचा काटा मिळवला. काचेची छोटी गोल डबी. तेल नीट फिरत असलं की काटा वर, तेल संपलं की खाली. आमच्या मोटारीत तसलं काही नव्हतं. मालकाला त्याने एवढंच सांगितलं, "गाडीच्या जिवासाठी पायजे."

"तुझा कान असताना काटा कायले?" मालक हसले, पण हो म्हणाले.

गावचा सुतार बकाराम म्हणाला, तारेने बांध आणि लटकव कुठेतरी. बा कसला ऐकतो! काटा स्टेअरिंगच्या मागे, नजरेसमोर, थोडा तोंडाकडे कललेला हवा. आणि समोरच्या चकचकीत फळीत असा बसायला हवा, की मोटारीबरोबरच जन्मला वाटावं. फळीला भोक पाडणं सोपं होतं. काट्याला घट्ट धरणारं लाकडी घर करताना मात्र त्याच्या नाकी नऊ आले. पहिलं घर सागाच्या ताज्या तुकड्याचं. ते पावसाळ्यात फुगलं, हिवाळ्यात आकसलं, आणि एक दिवस काटा बाच्या मांडीवर येऊन पडला. दुसरं तर स्क्रू पिळतानाच उभं तडकलं. बकाराम पोट धरून हसला.

"कच्चं लाकूड हाये बावा," तो म्हणाला. "साल-दोन साल बोडीच्या चिखलात पुरलेलं पायजे, तवा ते हालत नाही."

तेवढा वेळ बाकडे नव्हता. पण घरामागे आज्याचा नांगर टेकून ठेवला होता. त्याचं इसाड, म्हणजे नांगरापासून जुवापर्यंत जाणारा लांब दांडा, असंच बोडीत, म्हणजे गावतळ्यात, मुरवलेल्या लाकडाचं होतं. बाने त्याला करवत लावली, तशी माय धावत आली.

"बापाचा नांगर कापून राहिले? काही लाज?"

"बाप असता तं त्यानंच करवत धरली असती," बा म्हणाला. आज्याला ओळखणारा कोणीही सांगेल, की ही साफ थाप होती.

त्या इसाडाची त्याने पटाशीने वाटी कोरली, काठ कानशीने घासला, जवसाचं तेल चोळून रंग फळीला मिळवला आणि इंजिनाकडून तांब्याची नळी आणून काट्याला जोडली. काटा बसला तो बसलाच.

महाशिवरात्रीला मालक आणि त्यांची म्हातारी आई सावित्रीबाई आमच्याच भागातल्या प्रतापगडाला, महादेवाच्या जत्रेला, निघाले. नवी वस्तू पक्की बसली की आधी पुजायची, ही आमच्याकडची रीत. सावित्रीबाईंनी तेलात कालवलेला शेंदूर बोटावर घेतला आणि नेमका काचेवर चोपडला. काटा दिसेनासा झाला. देवाच्या नावाने लावलेला शेंदूर पुसायचा कसा? बाने दात आवळले आणि गाडी काढली.

गडाअलीकडे चढ लागला. पायाखालची फळी वेगळी थरथरली, की त्याला तसं वाटलं, कोण जाणे. त्याने गाडी थांबवली.

"काऊन थांबवली?" मालकांनी खांद्याला हलवून विचारलं.

"काटा पाहा लागते."

"अन् शेंदूर पुसतं का? कानानं सांग ना!"

इंजिन चालूच होतं. 'ठीक हाये' म्हटलं असतं तर नोकरी वाचली असती. बाच्या हट्टाने मला जन्मभर छळलं, पण त्या एका घडीसाठी मी त्याला सगळं माफ करते.

"मले आयकू येत नाही, मालक. दोन साल झाले." एवढं बोलून त्याने पागोट्याच्या शेवाने काच पुसली. काटा तळाला टेकला होता. त्याने झटकन इंजिन बंद केलं. खालचं बूच ढिलं होऊन वाटभर तेल सांडत आलं होतं.

मालक लालबुंद झाले. पण आधी सावित्रीबाईच कडाडल्या, "दोन सालापासून मी मागून बोंबलून राहिली, हळू चालव, हळू चालव! मले वाटे, हा माजला!" मग त्यांनी तो शेंदराने माखलेला शेव पाहिला आणि लेकाकडे वळल्या. "आपली नोकरी घालवून तुझी गाडी वाचवली यानं. असा दुसरा आणून दाखव."

मालकांना दुसरा आणता आला नाही.

पुढच्या दसऱ्याला सावित्रीबाईंनी काच सोडून खालच्या इसाडाच्या लाकडाला शेंदूर लावला. मग मागे बसल्या, पुढे वाकल्या आणि बाच्या उजव्या कानाशी ओरडल्या, "हळू चालव!"

आणि त्या दिवशी पहिल्यांदाच बाने गाडी हळू चालवली.