सुई वर, सुई खाली

जबलपुरात दुकान कोणाचंही बंद होवो, सुतक आमच्या भाऊजींना लागायचं. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. नोकरी खमरियाच्या कारखान्यात, पण जीव सगळा दुकानांवरच्या काचेच्या नळ्यांच्या निऑन पाट्यांत. एखाद्या घराचं पिढीजात दुकान मोडायला निघालं की हे नारळ घेऊन हजर. पाटी कधी मागायचे नाहीत. "माहेरपणाला पाठवा," म्हणायचे, "आठवण आली की येऊन भेटा." लोक डोळे पुसत पाटी द्यायचे आणि दिवाळीला खरंच भेटायला यायचे. फराळ अर्थात मी करायचा.

विजय नगरातली आमची गॅलरी संध्याकाळी बाजारासारखी उजळायची. दिवेलागणीला दुकानदार पहिल्या दिव्याला हात जोडतात ना, तसे भाऊजी प्रत्येक पाटी लावून हात जोडत. एकदा सिहोऱ्याचा एक माणूस पाटीवरचा लाल जोडा लुकलुकताना पाहून थेट बैठकीत आला. "भैया, शादी के लिए जूते दिखाओ." भाऊजींनी त्याला चहा पाजला आणि घरातले सगळे जोडे दाखवले. मामंजींचे त्याला पसंतही पडले.

मी तेव्हा नवी नवरी, स्वतःच्या रूपावर लट्टू. चष्मेवाल्याच्या हिरव्या पाटीखाली मान तिरपी करून बसायची. वाटायचं, काय दिसून राहिली मी! सासूबाईंनी कावीळ समजून वैद्य बोलावला.

मग माझ्याच बाबांचं शिलाई मशीनचं दुकान विकलं गेलं. त्यांच्या पाटीवरच्या मशीनची सुई खालीवर व्हायची. एक नळी विझली की दुसरी पेटायची. नवा मालक ती पाटी फोडणार होता. भाऊजी ती आणायला जाताना माझा लग्नाचा शालू उचलून घेऊन गेले आणि पाटी त्यात गुंडाळून, रिक्षात मांडीवर आडवी घेऊन आले.

"काहून, माझाच शालू सापडला?" मी फणकारले.

"वहिनी, तुमच्या माहेरची आहे. चादरीत आणू का?"

बाबांना आमच्या गॅलरीत बसवून पाटी लावली, तर खालची नळी गेलेली. सुई वर दिसे, मग अंधार, मग पुन्हा वर. भाऊजींचा चेहरा पडला. बाबांनी मात्र हात जोडले. "असू द्या हो," म्हणाले, "वर गेलेली दिसली ना? खाली तर ती येतेच."

बाबा जाऊन खूप वर्षं झाली. भाऊजींना आता स्टुलावर चढवत नाही; ते खुर्चीतूनच हात जोडतात, बटण मी दाबते. सुई वर जाते. अंधार होतो. "खाली," भाऊजी हळूच म्हणतात, आणि ती पुन्हा वर दिसेपर्यंत आम्ही दोघं म्हातारे त्या अंधाराकडे बघत राहतो.