प्रूफबाईंच्या घरचं पाकीटवाचन

प्रूफबाईंनी सासऱ्यांच्या तोंडाला लागलेला सुपाचा कप हिसकावला, तोही एका स्वल्पविरामासाठी, आणि म्हाताऱ्याला उपाशी झोपवलं, ही बातमी इमारतीत सकाळच्या दुधाच्याही आधी पोचली. तळमजल्यावरच्या शिंपीणकाकूंनी ती ब्लाउजांची मापं घेता घेता सोडली. चौथ्या मजल्यावर जाईपर्यंत कपाचं पातेलं झालं होतं आणि उपासाचे दिवस तीन.

यातलं खरं किती, ते आधीच सांगितलेलं बरं. कप तोंडाला लागलाच नव्हता, कारण त्यात अजून काही पडलंच नव्हतं. आजोबा उपाशीही राहिले नाहीत. दोन उकडलेले बटाटे, एक अंडं आणि पावाचे तीन तुकडे त्यांनी खाल्ले, रागारागाने का होईना. हातातलं पाकीट मात्र हिसकावलं. आणि स्वल्पविरामाचं कारण बाईंनी स्वतःच्या तोंडाने दिलं, सगळ्यांसमोर. तेव्हा काकूंना अगदीच खोटं पाडता येत नाही.

बाई छापखान्यात प्रुफं तपासतात, गेली तेवीस वर्षं. छापखाना पुस्तकांचा नाही, वेष्टनांचा: बिस्किटं, सूप, नूडल्स, सॉस. तिथली पद्धत अशी, की एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, खुणांसकट, आणि दुसऱ्याने छापलेल्या प्रतीवर बोट ठेवून मागोमाग जायचं. ‘सुधारित स्टार्च स्वल्पविराम मीठ स्वल्पविराम चववर्धक कंस सहाशे एकवीस कंस पूर्ण.’ आठ तास हे कानावर पडलं की माणूस घरी जाऊन रेडिओसुद्धा लावत नाही. बाईंची ख्याती दोन गोष्टींसाठी. त्यांच्या नजरेतून चूक सुटत नाही, आणि जिथे चूक नाही तिथे त्या खूण करत नाहीत. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड असते, असं त्या कुणालाही सांगतात. कुणी विचारलेलं नसतं.

गंमत म्हणजे, इतकी वर्षं त्यांनी ती वेष्टनं अक्षरं म्हणून वाचली, खाणं म्हणून कधीच नाही. सकाळी ज्या पाकिटाची वेलांटी दुरुस्त करायची, तेच संध्याकाळी कात्रीने फोडून लेकीच्या ताटलीत ओतायचं, यात त्यांना कधी काही वावगं वाटलं नाही. मग एके दिवशी डॉक्टरांनी आजोबांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला, आणि विश्वास बसेना म्हणून परत गुंडाळला.

“गोळ्या वाढवण्याआधी पाकिटं कमी करा,” डॉक्टर म्हणाले. “असंच मीठ चाललं, तर पुढचं जेवण आमच्याकडे. खाटेवर.”

घरी येऊन बाईंनी कपाट टेबलावर रिकामं केलं. सतरा पाकिटं निघाली. त्यातली अकरा त्यांच्या छापखान्याची.

“ही सगळी माझ्या हाताखालून गेलीत,” त्या म्हणाल्या.

“मग चांगलीच असणार,” नवरा म्हणाला. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. बायको आणि वडील यांच्यात काही वाजलं, की तो दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखा शांत उभा राहतो, कुणीतरी येऊन सोडवील म्हणून.

बाईंनी बंदी घातली नाही. नियम घातला. ज्याला पाकिटातलं खायचंय त्याने जेवणाच्या टेबलावर त्याची पूर्ण यादी मोठ्याने वाचायची, छापखान्यासारखी, स्वल्पविराम आणि कंसांसकट. एक चूक झाली की पाकीट परत खणात.

पंधरा दिवसांत घराची तब्येत बदलली. नवरा सॉसेजच्या तिसऱ्या ओळीत अडखळला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, पुन्हा तिथेच अडखळला, आणि शेवटी मुकाट्याने टोमॅटो चिरायला घेतले. नऊ वर्षांची लेक बिस्किटांच्या लेसिथिनपाशी रोज हरायची. चौथ्या दिवशी तिने सफरचंद उचललं. त्याला वाचायला काही नव्हतं.

पण ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, ते आजोबा बाईंना पुरून उरले.

आजोबा म्हणजे बसस्थानकाचे निवृत्त उद्घोषक. एकतीस वर्षं कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागते हे त्यांनी अख्ख्या गावाला ऐकवलं होतं, आणि गाडी तीन तास उशिरा असली तरी त्यांच्या आवाजात ती आलीच आहे असं वाटायचं. पहिल्या दिवशी त्यांनी नातीला जवळ बोलावून सुपाच्या पाकिटाची यादी पाच-सहा वेळा वाचून घेतली. “सराव,” म्हणाले. संध्याकाळी पाकीट हातात धरून उभे राहिले, घसा खाकरला.

“लक्ष द्या. सुधारित स्टार्च स्वल्पविराम...”

एक कंस चुकला नाही. सहाशे एकवीस तर असं म्हटलं, की नवऱ्याला सामान घेऊन पळावंसं वाटलं. नातीने टाळ्या वाजवल्या. आजोबांनी पाकीट फाडलं, कपात ओतलं, किटलीतलं पाणी घातलं आणि नियमाने जिंकलेलं सूप नियमाने प्यायले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. नात आता जेवायला वेळेवर येऊ लागली, कार्यक्रम चुकू नये म्हणून.

“बाबा, तुमच्या दंडाचा आकडा काही टाळ्या वाजवत नाही,” बाई म्हणाल्या.

“नियम कुणाचा, सूनबाई?”

“माझा.”

“मग चूक काढ.”

चूक निघत नव्हती. आणि नसलेली चूक काढणं बाईंच्या रक्तात नव्हतं. दर आठवड्याला आकडा थोडा वर जात होता, आणि बाई सासऱ्यांच्या खुर्चीमागे उभ्या राहून, नाइलाजाने, मान डोलवत होत्या.

तो दिवसही तसाच सुरू झाला. आजोबांनी खणात हात घातला, पाकीट काढलं, उभे राहिले. “लक्ष द्या. सुधारित स्टार्च स्वल्पविराम मीठ...” आवाज नेहमीचाच, खणखणीत. बाईंनी सवयीने मागून पाकिटावर नजर टाकली.

पाकीट सुपाचं नव्हतं. किटलीत साचलेला पांढरा थर काढायची पावडर होती ती. नवऱ्याने दुपारी आणली होती आणि पाकीट म्हणजे पाकिटांच्या खणात, अशा हिशेबाने सुपांशेजारी ठेवली होती. आकार तोच. मागे लाल अक्षरांत छापलं होतं: ‘गिळू नये.’ आणि त्यावर अंगठा ठेवून आजोबा म्हणत होते, “...कंस पूर्ण. गरम गरम प्या. पूर्णविराम.”

नातीने टाळ्या वाजवल्या. आजोबांनी पाकिटाचा कोपरा चिमटीत धरला.

बाईंनी पाकीट ओढून घेतलं.

“चूक,” त्या म्हणाल्या.

“कुठे?”

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. पाकीट मुठीत मिटलं.

“एक स्वल्पविराम गाळलात. मिठानंतरचा.”

“मी?” आजोबांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “एकतीस वर्षांत माझा श्वास चुकला नाही. स्वल्पविराम गाळला म्हणे! मला उद्या थोरल्याकडे सोडून या.”

“बटाटे घ्या,” बाई म्हणाल्या. नवरा दोन मजल्यांच्या मध्ये होता.

दुसऱ्या दिवशी लेक शाळेत आणि नवरा कामावर गेल्यावर बाईंनी छापखान्यात उशिरा येते म्हणून कळवलं. तेवीस वर्षांतला पहिला उशीर. आजोबा पिशवी भरून बसले होते. दोन्ही मोजे वेगवेगळ्या रंगांचे. बाईंनी ते पाकीट त्यांच्या हातात दिलं.

“हे काय आहे, बाबा?”

“सूप. माझं. बळकावलेलं.”

“किटली धुवायची पावडर.”

आजोबांनी पाकीट चाचपलं. बराच वेळ चाचपलं.

“मग स्वल्पविराम?”

“कधीपासून दिसत नाही?”

“उजेड दिसतो. तू दिसतेस, म्हणजे तुझ्यासारखं काहीतरी दिसतं.” त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. “तुझी सासू गेल्यापासून माझं मी काय करतो सांग? पाकीट फाडलं, पाणी ओतलं, झालं. कुणाला हाक मारावी लागत नाही. गाजर चिरायला डोळे लागतात, सूनबाई. एकदा कळलं की खुर्चीत बसवता, हातात ताट देता. मग माणूस तिथेच.”

म्हणजे सुपाची चव वगैरे काही नव्हतं. बाई इतके दिवस मिठाशी भांडत होत्या, आणि म्हातारा फक्त एक कप स्वतःच्या हाताने करायला धडपडत होता.

बाईंनी सांत्वन केलं नाही. त्यांना ते येत नाही. त्यांनी वाटाण्याच्या शेंगांची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली.

“सोला. याला डोळे लागत नाहीत. आणि सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.”

“पोराला सांगू नकोस.”

“नाही.”

“आणि तो स्वल्पविराम?”

“तो राहू दे.”

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. शस्त्रक्रियेची तारीख महिन्याभराने मिळाली. तोवर आजोबा रोज काहीतरी सोलायचे, पालेभाजी निवडायचे. गॅसच्या बटणावर बाईंनी नवऱ्याकडून लिफ्टच्या बटणांवर असतात तसे उंचवटे चिकटवून घेतले. का, ते त्याने विचारलं नाही. पातेलं आजोबा स्वतः चढवायचे, मिठाची चिमूट मात्र बाई मोजायच्या. जेवायला बसलं की उद्घोषणा व्हायचीच:

“लक्ष द्या. वाटाणे स्वल्पविराम कांदा स्वल्पविराम पाणी स्वल्पविराम मीठ, नावापुरतं. पूर्णविराम.”

“एवढंच?” नात म्हणायची. तिला कार्यक्रम आखूड झाल्याचं वाईट वाटायचं. डॉक्टरांचा पट्टा मात्र आता एकदाच गुंडाळला जाऊ लागला.

महिनाभर शिंपीणकाकूंनी बाईंना जिन्यात ऐकवलं. कधी टोमणा, कधी नुसता उसासा. बाईंनी ब्र काढला नाही. मग एका डोळ्याची पट्टी सुटली आणि आजोबांनीच, पहिल्या मजल्याच्या कठड्याला टेकून, स्थानकावरच्या आवाजात सगळी हकीकत अख्ख्या इमारतीला सांगितली. किटलीच्या पावडरीसकट.

काकू तोंडातल्या टाचण्या काढून वर आल्या. बाई छापखान्यातून येऊन चपला काढत होत्या.

“अगं, सांगायचंस तरी! महिनाभर मी तुला काय काय बोलले. पण एक खरं सांग, त्यांनी तो स्वल्पविराम गाळला होता की नव्हता?”

“नव्हता गाळला,” बाई म्हणाल्या. “तेवीस वर्षांत मी खोटी खूण केली ती तेवढी एकच. आणि ती मी खोडणार नाही.”