डांबर लागलं

पाटकरी आबा सायकलच्या कॅरिअरवर नेहमी उलटे बसत. चालवणाऱ्याच्या पाठीला पाठ लावून, पाय मोकळे सोडून, मागे सुटत जाणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून. त्यांना पहिल्यांदा असं बसलेलं पाहून कुणालाही हसू यायचं. मलाही आलं होतं. तेव्हा ते म्हणाले, "म्होरला रस्ता तू बघतीच हायस की. दोघांनी एकच बघून काय करायचं?"

त्यांची सगळी नोकरी पाटाचं पाणी सोडण्यात गेली होती. चारीचं, म्हणजे पाटाच्या छोट्या फाट्याचं, दार उघडायचं, बंद करायचं, आणि पाटाच्या कडेनं सायकलवर हिंडून कुठं पाणी फुटलंय का ते बघायचं. नोकरी संपली तरी पाटकरी हे नाव राहिलं. राहू गावाच्या अलीकडे आमची वस्ती आहे, तिथून थोडं पुढे पाटाला लागूनच त्यांचं घर होतं. पाट चालू असला की ते ओट्यावर बसून पाण्याकडे बघत, पाट बंद असला की रस्त्याकडे. दोन्हींत त्यांना फारसा फरक वाटत नसावा. दोन्हीही त्यांच्यासमोरून कुठंतरी जात असत.

माझी आणि त्यांची खरी ओळख झाली ती टायरमुळे. ही गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, शंका आहे, पण प्रयत्न करते.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. वडील गुऱ्हाळावर कामाला. शाळेत असताना मिळालेल्या सायकलवरून मी यवतला जायचे आणि तिथून बसनं पुढे. अर्धी वाट पाटाच्या कडेची, काळी माती आणि मुरूम, मध्ये बाभळी. चारीचा पूल ओलांडला की डांबरी रस्ता. वडिलांची अट साधी होती. "सायकल न्हेती तवर जा. वाटंत अडकून बसायला लागलीस तर बाहेरून परीक्षा दे." बाहेरून परीक्षा म्हणजे काय, ते मला माहीत होतं. पुस्तकं फळीवर आणि मी खुरपायला.

जुने टायर गुळगुळीत होऊन गेले, तेव्हा वडील स्वतः माझ्याबरोबर यवतला आले. त्यांनी आयुष्यभर उसाचे ट्रॅक्टर चिखलातून निघताना पाहिलेले. त्यामुळे मोठमोठ्या गोट्यांचे, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकासारखे दिसणारे टायर त्यांनी लगेच पसंत केले. येताना आबा ओट्यावर होते. त्यांनीही गोट्यांवरून बोट फिरवून मान डोलावली. "टायरला दात पायजेतच. झ्याक काम झालं."

डांबरावर ते टायर भुंग्यासारखे घुमायचे. यवत येईपर्यंत पोटऱ्या भरून यायच्या. पण खरी फजिती झाली ती पाटाच्या वाटेवर. रात्रीतून पाट फुटून वाट ओली झाली होती. काळी माती गोट्यांमध्ये गच्च बसली, तिथून मडगार्डमध्ये, आणि चाक फिरायचंच थांबलं. मी काडीनं माती उकरत राहिले. बस गेली. त्या दिवशी माझं प्रात्यक्षिक होतं, तेही गेलं. सायकल अर्धी उचलून, अर्धी ओढत परत आले, तेव्हा वडील रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "बघ बाई आता." रागावले असते तर बरं झालं असतं.

हे आबांना कळलं तसे ते काठी टेकत आमच्या अंगणात आले. "टायरला मीच मान हालवली व्हती," ते वडिलांना म्हणाले. "माझा जलम पाटावर गेला. डांबराचा म्या इचारच केला न्हाई. आन् ट्रॅक्टरला इंजान असतंय, हिला दोनच पाय हायेत. उद्याच्याला मला हिच्यामागं बसू दे. मंग काय ते ठरव."

वडील म्हणाले, "आबा, ती तुम्हाला पाडंल."

"पडलो तर मातीतच पडंन की."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या कॅरिअरवर उलटे बसले. वजन अर्ध्या पोत्याएवढं. वाट तोवर सुकली होती. उसाला पाणी दिल्याचा वास येत होता, पाटावर धुकं होतं आणि मागं काहीच आवाज नव्हता. मला वाटलं, त्यांना डुलकी लागली. चारीचा पूल ओलांडला तेव्हा हळूच आवाज आला, "लागलं डांबर." मी पाय टेकून, वाकून पाहिलं तर डोळे खरंच मिटलेले होते. ते टायर ऐकत होते. मातीवर टायर कुजबुजतो, मुरमावर दाणे चावतो, असं ते म्हणत. डांबरावर त्यानं गप्प राहावं. "आन् तुझा हितं बोंबलतोय. तुझ्या पायातलं बळ ह्या बोंबलण्यात जातंय, पोरी."

दुकानात त्यांनी बराच वेळ घेतला. एकेक टायर मांडीवर घेऊन मधून अंगठा फिरवला, मग कडेनं. दुकानदार वैतागून म्हणाला, "आबा, टायर बघताय का नवरी?"

"नवरी एकदाच बघितली व्हती, ती बी घाईत," आबा म्हणाले. "म्हून आता सावकाश बघतो."

शेवटी त्यांनी निवडलेला टायर दिसायला काही खास नव्हता. मधोमध सलग गुळगुळीत कणा, तो डांबरासाठी. कडेला बारीक गोट्या, त्याही विरळ, म्हणजे मऊ मातीत चाक जरा रुतलं की त्या धरतात आणि चिखल अडकून राहत नाही. जुन्यापेक्षा किंचित रुंद. मडगार्ड बोटभर वर घेतलं. मोठ्या गोट्यांचे टायर दुकानदारानं नाइलाजानं बदलून दिले. हवा भरताना आबांनी त्याचा हात धरला. "टणक नको. पाडाला आलेल्या पेरूवानी ऱ्हाऊ दे." अजूनही हवा बघताना मी अंगठ्यानं दाबते आणि मला पेरूच आठवतो.

पुढच्या पावसात वाट चिखलाची झाली तरी मी अडकले नाही. सावकाश गेले, पण गेले. बाहेरून परीक्षा देण्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मी रोज सकाळी त्यांच्या ओट्यासमोरून जायचे, ते हात वर करायचे आणि मी पुढे निघायचे. एकदा डबा विसरला म्हणून मध्येच परत फिरले, तर आबा रस्त्याच्या कडेला येऊन उभे होते, मान कलती करून. मी विचारलं, "काय झालं आबा?" ते जरा ओशाळले. "काय न्हाई. डांबर लागून टायर गप झालेला ऐकू आला न्हाई म्हून थांबलो." रोज टायर गप्प होईपर्यंत ते तसेच उभे राहत असत.

गुडघे फारच दुखायला लागले तेव्हा त्यांची लेक त्यांना शिरूरकडे, पाबळला घेऊन गेली. यवतच्या बसपर्यंत मीच त्यांना सोडलं. ते उलटे बसून पाटाकडे बघत होते. पुलावर आलो, डांबर लागलं, तरी त्यांची नजर मागं पाटावरच होती. बसमध्ये चढल्यावर खिडकीतून म्हणाले, "फोन करीत जा. बोलायला पायजे असं न्हाई. सायकलीच्या टोपलीत ठिवायचा आन् जायाचं."

तेव्हापासून तसंच चाललंय. सकाळी निघताना फोन लावते आणि टोपलीत ओढणीवर ठेवते. दोघंही काही बोलत नाही. तिकडे कधी कोंबडा आरवतो, कधी लेक भांडी घासत असते. पूल ओलांडला की टोपलीतून आवाज येतो, "लागलं डांबर. जा आता." आणि फोन बंद होतो.

या वर्षी पाटाच्या वाटेवरही डांबर पडलं. वस्तीपासून थेट यवतपर्यंत काळा, सपाट रस्ता. वडील खूश आहेत, मीही आहे. आबांना मात्र मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुलावर ऐकण्यासारखं काही उरलं नसतं. मी डांबराच्या कडेची मातीची पट्टी धरते, गवत आणि मुरमावरून, पार पुलापर्यंत. तिथं सायकल वर घेते. टायर गप्प होतो आणि पाबळमध्ये आबा म्हणतात, "लागलं डांबर."

परवा एवढं बोलून त्यांनी फोन बंद केला नाही. मग म्हणाले, "पोरी, कडंनं जाताना बाभळीचं काटं बघत जा. नव्या रस्त्याचं समदं झाडून कडंलाच टाकत्यात."