तीन नंबरजवळ कोण बसलंय?

गजभिये मॅडमनी मला कॅज्युअल्टीत एकही चहा गरम पिऊ दिला नाही, याचा मी जाहीर निषेध करतो.

निषेध ऐकायला त्या नाहीत. काल सकाळी गेल्या. घरीच, झोपेतून उठता उठता.

सगळी नोकरी इमर्जन्सीत काढलेल्या बाईनं स्वतःच्या इमर्जन्सीला कुणाला हात लावू दिला नाही. हाही आगाऊपणाच.

यवतमाळात माझ्यासोबत इंटर्नशिप केलेल्यांना चहाचं प्रकरण ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी सांगतो.

चहावाला कप ठेवून जायचा. कप ओठांपर्यंत आला, की मॅडमचा प्रश्न यायचा.

"तीन नंबरजवळ कोण बसून हाय?"

"बायको असेल, मॅडम."

"असन नाही. पाहून ये. तिच्या हातात काय हाय, तेही पाह्य."

पाहून येईपर्यंत चहावर साय.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भावाचा पत्ता नाही, अळी मात्र उदंड. फवारणीचं औषध अंगात भिनलेली माणसं ऑटोतून, जीपमधून, कधी चक्क एसटीतून यायची. तोंडाला फेस, अंग घामानं निथळलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

मी संस्कृत पाठशाळेतून आलेला, पाठांतराचा माज असलेला. या विषबाधेची सगळी लक्षणं मी अनुष्टुभात बांधली होती, डोससकट. राउंडला म्हणूनही दाखवली.

मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"वृत्त बरोबर हाय, पंडित. आता साबण घे."

त्यांचा नियम साधा होता. एकानं सुई लावायची, त्याच वेळी दुसऱ्यानं पेशंटचे कपडे उतरवून त्याला साबणानं धुवायचं. केस, नखं, कानांच्या मागे, सगळं. औषध कातडीतून आत जातं, म्हणून.

दुसरा नेहमी मीच.

आई पत्रातून विचारायची, मोठ्या दवाखान्यात काय काय शिकतोस? काय लिहिणार? न्हाऊ घालतो, असं?

एकदा ढाणकीकडून मारोती नावाचा फवारणीचा मजूर आला. धुतला. उतारा म्हणून अॅट्रोपिन दिलं. बाहुल्या मोठ्या झाल्या, छातीतली घरघर थांबली, माणूस पाणी मागू लागला. मी मनात 'इति' म्हटलं आणि चहा मागवला.

दुपारी पुन्हा लाळ. पुन्हा घाम.

डोस वाढवला. सुधारला. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

माझं गणित बरोबर होतं. माणूसच चुकत होता.

"मॅडम, औषधाची बॅच खराब असेल."

मॅडमनी बॅचकडे पाहिलं नाही. पेशंटकडेही नाही. त्याच्या उशाशी बसलेल्या बायकोकडे पाहिलं. ती बिचारी मोठ्या मायेनं एका दुपट्ट्यानं त्याची लाळ पुसत होती.

"वहिनी, हा दुपट्टा कोणाचा?"

"ह्यायचाच. पोरीच्या लग्नात व्याह्यानं खांद्यावर टाकलेला. त्या पोरानं कपडे मांगतले, ते देले. हा नाही देला. मानाचा हाय."

त्या पोरानं, म्हणजे मी.

"फवारताना तोंडाले हाच बांधला होता का?"

"हाच. वास येऊ नये म्हणून."

मॅडम ओरडल्या नाहीत. हातमोजे घालून त्यांनी दुपट्टा प्लास्टिकच्या थैलीत घातला, वर गाठ मारली. "फेकत नाही, वहिनी. मान तुमचाच हाय. पण तो आता थैलीत राहीन." वहिनींचे हात स्वतः धुतले, त्यांना स्वतःचा रुमाल दिला.

मग माझ्याकडे वळल्या.

"तू हातातून औषध देऊन राह्यला. त्या तोंडातून जहर देऊन राह्यल्या. कोण जिंकन?"

मारोती घरी गेला. दुपट्ट्याचं पुढं काय झालं, माहीत नाही.

त्यानंतर मी चहाची तक्रार केली नाही, असं कुणाला वाटलं तर ते खोटं आहे. रोज केली. मॅडमचं उत्तरही रोज एकच. "थंडा चहा पिऊन कोणी कॅज्युअल्टीत येत नाही."

आज त्यांना निरोप देऊन थेट ड्युटीवर आलो. त्या रिटायर झाल्यापासून त्यांच्या खुर्चीत मी बसतो. फवारणी सुरू झाली आहे.

दोघं भाऊ आले. एक स्ट्रेचरवर, दुसरा त्याला धरून. आमच्या इंटर्न्सनी सगळं नीट केलं. सुई लागली, साबण लागला, कपडे थैलीत गेले. मी पाहिलं, मान हलवली आणि पुढं गेलो.

थोड्या वेळानं तो धरून आणणारा भाऊच माझ्यामागं आला.

"सर, मले बी अंधारी येऊन राह्यली."

"तुम्ही पण फवारत होता?"

"नाही जी. पंप त्याच्या पाठीवर होता. मी फक्त औषध कालवून देत होतो. हातानं."

कोपरापर्यंत बाह्या ओल्या. बाहुल्या बारीक. इतका वेळ तो माझ्यासमोर उभा होता.

मी इंटर्न्सवर भयंकर चिडलो. त्यांनी तोवर त्याचा शर्ट उतरवून साबण घेतला होता. चांगली मुलं आहेत.

दोघं भाऊ आता बरे आहेत, शेजारी शेजारी आहेत. तरी हे लिहितोय, कारण मॅडमनी त्याला दारातच धरला असता.

मला मुलांची काळजी नाही. ती शिकतील. आजचा माणूस स्वतःहून बोलला म्हणून कळलं. आपल्याकडची माणसं बोलत नाहीत. "मले काही नाही झालं, त्याले पाहा," म्हणतात आणि भिंतीला टेकून उभी राहतात.

असा एखादा उद्या माझ्यासमोर उभा राहिला, तर तो मला दिसेल का, याची मला खात्री नाही.

जयभीम, मॅडम.