मरण नामंजूर

भांडुपच्या डोंगरावर आमची एक खोली, चार माणसं आणि एक फोन. बाबा कामाला होते तो पुठ्ठ्याचा कारखाना बंद पडला तेव्हा मी अकरावीत होते. मग बाबा मिळेल त्या टेम्पोवर हमाली करायला लागले आणि आई तीन घरी चपात्या लाटायला. फोनची काच फुटलेली, वरून चिकटपट्टी. संध्याकाळी सात ते आठ तो माझा. आठ वाजून एक मिनिट झालं की भाऊ समोर येऊन उभा राहायचा. त्या एका तासात मी दुसरीकडे राहायला जायचे.

दुसरीकडे म्हणजे घाटराज्यात. हा एक ऑनलाइन ग्रुप होता. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि त्याच्या वतीनं लिहायचं. दुसऱ्यानं आपल्या पात्राकडून उत्तर द्यायचं. अशी गोष्ट पुढे सरकायची. कुणी राणी, कुणी सेनापती, मी तारी नावाची होडीवाली. साठ-सत्तर जण होतो, आणि सगळ्यांच्या जन्ममरणावर एकच माणूस बसला होता. यमकाका. त्यांच्या मंजुरीशिवाय कुणाला मरता यायचं नाही, आणि मेलेल्याला उठताही यायचं नाही.

काका पन्नाशीचे, कांजूरमार्गला राहणारे, मूळ कुडाळकडचे. लिफ्ट दुरुस्त करायचे. "दिसभर माणसांका वर-खाली नेतंय, सांजेकय ताच करतंय," म्हणायचे. मरायचं असेल तर त्यांच्याकडे रीतसर अर्ज. कारण काय, कुठे मरणार, पाहिलं कुणी. मुलुंडच्या एक दातांच्या डॉक्टर आमच्या राणी होत्या. दोन दिवस त्यांच्या लिहिण्याला कुणी उत्तर दिलं नाही म्हणून त्यांनी राणीला विष पाजायचं ठरवलं. काकांचा शेरा आला, "नामंजूर. राणी रागावली म्हणून मरत नाय. राणी रागावली की दुसरे मरतत." डॉक्टरबाईंनी लगेच दोन प्रधान मारले. ते मात्र मंजूर झाले.

जिवंत व्हायचा नियम आणखी कडक. काकांचे वडील दशावतारात राक्षसाचं काम करायचे. "राक्षस मेलो की उठान आत जाता, चाय पिता. पण त्याच तोंडान परत भायर येणा नाय," हे काकांचं तत्त्व. म्हणून परत येणाऱ्यानं काहीतरी तिकडेच ठेवून यायचं. बोरिवलीचा एक इंजिनीअर आमचा सेनापती होता, त्याला मरायची फार हौस. पहिल्या खेपेला तो डोळा ठेवून आला, दुसऱ्या खेपेला डावा हात, तिसऱ्या खेपेला जिभेची चव. चौथ्या वेळी त्यानं आपला शत्रू कोण ही आठवण ठेवून दिली. पुढचे दोन महिने तो शत्रूच्याच छावणीत पंगतीला बसत होता, आणि चव नसल्यामुळे आचाऱ्यावर बेहद्द खूश होता.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना बाबांची कंबर धरली. टेम्पो बंद. मॉलमध्ये चपलांच्या दुकानात पूर्णवेळ जागा होती, सुट्टी रात्री नऊला. परीक्षेचा फॉर्म भरायचा नाही असं मी ठरवून टाकलं. घरी बोलले नाही. बाबांनी बोलूच दिलं नसतं. सात ते आठ आता मिळणार नव्हतं, म्हणून आधी तारीला मारायला घेतलं.

अर्ज केला. तारी होडी उलटून बुडते.

"नामंजूर. तारीक पोवाक येता. तूच लिवलंस."

दुसऱ्या दिवशी साप चावला.

"नामंजूर. तिची आये वैदू. सापाचा औषध हिच्या पदरात बांधलेला असता."

तिसऱ्या दिवशी तापानं घेतलं. उत्तर येईना. आठ वाजले, फोन भावाकडे गेला आणि मी खाली गिरणीवर दळण आणायला. परत आले तर बाबा दारात, पट्टा बांधलेल्या कमरेवर ताठ उभे, फोन तोंडासमोर. उत्तर तेवढ्यात आलं होतं आणि त्यांनी ते वाचलं होतं: "तुझा मरण परत नामंजूर. घाई करू नको. तुका काय झाला ता माका फोन करून सांग." खाली नंबर.

"कोण तुमी?" बाबा ओरडत होते. "माझ्या चेडवान मरणाचो अर्ज केल्यान?"

फोन स्पीकरवर होता. पलीकडून शांत आवाज आला, "केल्यान. तीनदा. मी तिनीय नामंजूर केलंय. खयचे तुमी?"

"कणकवलीचो. पण तुमी कोण?"

"माका यम म्हणतत."

बाबा खाली बसले. आईनं तोवर गळा काढला होता, शेजारच्या दोन बायका आत आल्या होत्या. पिठाचा डबा हातात घेऊन मी सगळ्यांना सांगत होते की मरणार ती होडीवाली, मी नाही. पलीकडून काका बाबांना घाटराज्य समजावत होते. त्यात अर्धा तास गेला.

शेवटी बाबा म्हणाले, "होडीवालीचा कळला. पण हिच्या पोटात काय आसा?"

"ताच तर मी इचारतंय," काका म्हणाले.

मग मला सांगावं लागलं. फॉर्म, मॉल, सगळं. बाबांनी फोन बाजूला ठेवला.

"कॉलेज सोडतंस ह्या बापाशीक नाय, यमाक सांगलंस?"

"त्यांनाही नव्हतं सांगितलं, बाबा."

"पण तेका कळला," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पट्टा बांधून ते माझ्याबरोबर कॉलेजच्या ऑफिसात आले आणि फॉर्म खिडकीतून आत जाईपर्यंत हलले नाहीत. काकांनी त्यांच्या कंपनीत शब्द टाकला. तक्रारीचे फोन घ्यायला दुपारचं माणूस हवं होतं. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की मेकॅनिक पोचेपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं, हे काम. काकांनी पहिल्याच दिवशी शिकवलं, "अडाकलेल्याक 'घाबरू नको' म्हणू नको, तो जास्त घाबारता. नाव इचार. जेवलास काय, इचार." घाटकोपरच्या एका बाईंनी दोन मजल्यांच्या मधे अडकून मला उंधियोची अख्खी कृती सांगितली. मेकॅनिकनं दार उघडलं तेव्हा त्या वांग्यांपर्यंत आल्या होत्या. त्याला थांब म्हणाल्या.

माझी परीक्षा झाली आणि काका गावाला गेले, कायमचे. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती आणि तिकडे घरात दुसरं कुणी नव्हतं. घाटराज्यात त्यांचं पात्र एका म्हाताऱ्या वाटाड्याचं. त्याला त्यांनी एका ओळीत मारलं: म्हातारा घाट उतरून गेला तो गेलाच. साक्षीदार म्हणून माझं नाव घातलं, मला न विचारता. त्याला जिवंत करा असे चाळीसेक अर्ज पडले. काकांनी सगळ्यांना मिळून एकच उत्तर दिलं, "मेललो माणूस अर्ज वाचणा नाय." आणि ग्रुप सोडला.

निकालाच्या दिवशी त्यांना चार वेळा फोन लावला. रेंज मिळाली नाही. पाचव्या वेळी लागला, तर मागे त्यांच्या आईच्या खोकल्याचा आवाज होता आणि काका घाईत होते. "पास?" एवढंच विचारलं. हो म्हटलं. "बरा झाला. बापाशीक फोन दी," म्हणाले, आणि मग ते दोघंच बोलत बसले.

मी बी.कॉम. झाले. सेकंड क्लास. आईच्या आणि बाबांच्या, दोन्ही घराण्यांत पदवी घेतलेली मी पहिली.