अकरा घरांचा चहा आणि एक निरोगी नमुना

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्ये हसलात की माझं सांगणं घसरतं. सरकारी कागदावर, स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या सहीनं स्वतःला मूर्ख ठरवलेला माणूस पाहिलाय का तुम्ही कधी? तो तुमच्यासमोर बसलाय. आणि मी ते एकदा केलं नाही, तीन प्रतींत केलं, मध्ये कार्बन घालून.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी बुलढाण्याला एका कचेरीत आकडेमोडीचा कारकून होतो. मूळचा मलकापूरचा, बी.ए. झालेला, आणि बी.ए. झालोय हे कुणाला विसरू न देणारा. विहिरी किती, बैल किती, लसी किती टोचल्या, असलं मोजत बसायचो. एके दिवशी साहेबांनी एक फाईल माझ्यापुढे टाकली.

"साखरखेर्ड्याच्या पलीकडे एका वस्तीत कुणी निवृत्त नर्सबाई आहेत. गरिबांचा मधुमेह आटोक्यात आणलाय म्हणतात."

"गरिबांचा?" मी विचारलं.

"तेच तर. हा शेठजींचा रोग. ज्याला खायलाच नाही त्याच्या अंगात साखर येणार कुठून?" साहेब आपल्याच बोलण्यावर खूष झाले. साहेबांचं पोट टेबलाला टेकलेलं असायचं, पण ते सोडा. "जा, मूल्यमापन करून या."

आता प्रकरण काय होतं ते नीट ऐका. नर्सबाईंचं नाव शेवंताबाई. दर मंगळवारी त्या वस्तीतल्या बुद्धविहारात रोग्यांची लघवी तपासायच्या, वजन करायच्या, काय खायचं ते सांगायच्या. त्यासाठी लागणारं औषध आणि इंजेक्शनं त्यांना सरकारी दवाखान्यातून मिळत. ती चालू ठेवायची की बंद करायची, हे माझ्या अहवालावर ठरणार होतं. रोगी होते अकरा. त्यातल्या कौसल्याबाईंना रोज इन्सुलिन टोचावं लागे. ते थांबलं तर ही बाई जगणार नाही, असं शेवंताबाईंनी अर्जात सरळ लिहिलं होतं. म्हणजे बघा, देवानं कुणाच्या हातात काय दिलं होतं.

सोबत छापील फॉर्म होता. प्रश्न चौथा: घरोघरी साखरेचा वापर प्रत्यक्ष पाहून नोंदवा. प्रश्न पाचवा: तपासणीची खात्री कशी केली? प्रश्न सहावा: समजावण्यास कठीण रोगी असल्यास नाव लिहा आणि कारणावर खूण करा. कारणं छापलेलीच होती, अज्ञान, दारिद्र्य, अंधश्रद्धा. चौथं कारण सरकारला सुचलं नव्हतं.

मी यष्टीत बसलो. त्या वर्षी मला तहान फार लागायची. चिखली येईपर्यंत फिरकीचा तांब्या रिकामा. शर्टही ढगळ व्हायला लागले होते, त्याबद्दल मी शिंप्याला शिव्या घालत होतो. रात्री चार-चारदा उठावं लागे, तो दोष मी बुलढाण्याच्या गार हवेला दिला होता. शिकलेल्या माणसाकडे कारणांची कमी नसते.

वाटेत मी एक थोर निश्चय केला. आमच्या घरची माणसं अशा वस्तीत कामाला माणसं शोधायला जात, मतं मागायला जात. पण चहाची वेळ आली की सगळे एका सुरात म्हणत, "आत्ताच घेतला." माझे काका तर उपाशीपोटी म्हणत, आत्ताच घेतला. मी म्हटलं, आपण तसं करायचं नाही. आपण सुधारलेले.

विहारात पोचलो. लोक जमले होते, जयभीम झालं. मी उभा राहिलो आणि कुणी सांगितलं नसताना भाषण केलं. "मी भेदभाव मानत नाही. आज मी अकराच्या अकरा घरी जाईन आणि प्रत्येक घरी चहा घेईन. एकाही घरचा नाकारणार नाही."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, गहिवरले बिचारे.

शेवंताबाई हळूच म्हणाल्या, "साहेब, चहाचं राहू द्या. आधी नळीतली तपासणी बघा."

"बाई, संकोच करू नका."

"संकोच नाही साहेब, अकरा चहा म्हणजे..."

"मी शब्द दिलाय," मी म्हणालो. बाईंनी कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्यासोबत निघाल्या.

पहिलं घर कौसल्याबाईंचं. त्यांचे मालक तुळशीराम ओट्यावर आमच्याशी बोलत बसले, बाई आत. बऱ्याच वेळानं चहा आला. काय सांगू, चहा कसला, पाकच तो. मी उठून चुलीपाशी डोकावलो, चौथा प्रश्न प्रत्यक्ष बघा म्हणत होता ना. तिथे जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक डबा, झाकणाला पोचा आलेला, आत साखर. लिहिलं: साखर आहे, भरपूर.

तुळशीराम वाटाड्या म्हणून सोबत आले. दुसऱ्या घराच्या दारात त्यांनी मला थांबवलं. "साहेब, तुमचं मूळ गाव कोनतं?" मी मलकापूरचा इतिहास सांगितला. मग आत गेलो. चहा गोडमिट्ट, चुलीपाशी जर्मनचा डबा, झाकणाला पोचा. तिसऱ्या घराच्या दारात तुळशीरामांनी विचारलं, "साहेब, मलकापूरले गाड्या किती थांबून राह्यल्या आजकाल?" मी सगळ्या गाड्या वेळेसकट सांगितल्या. आत गेलो. चहा, डबा, पोचा.

आता तुम्ही म्हणाल, अरे बी.ए. माणसा, तुला काहीच वाटलं नाही? वाटलं ना. मी फॉर्मवर टीप लिहिली: 'सर्व घरी एकाच नमुन्याचे डबे आढळले. बहुधा एखाद्या योजनेतून वाटप झाले असावे. पोचे वाहतुकीत आले असावेत.'

प्रत्येक घरी आतून कुणीतरी धापा टाकत असल्यासारखं ऐकू यायचं. मागचं दार आपटायचं. मी समजलो, वस्तीत दमाही दिसतो. तेही लिहिलं.

सहाव्या घरी मला दरदरून घाम फुटला. सातव्यानंतर तीन वेळा शेताकडे जाऊन आलो. तहान तर अशी की चहावर पाणी आणि पाण्यावर चहा. शेवंताबाई माझ्यासोबत प्रत्येक घरी अर्धा कप घेत होत्या, त्या मात्र जशाच्या तशा. दहाव्या घरी साखर संपली असावी, चहा गुळाचा आला. मी लिहिलं: साखर अपुरी पडते म्हणून गूळही खातात.

विहारात परतलो तेव्हा माझं मन भरून आलं होतं. खोटं नाही सांगत, वाईट वाटत होतं. पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "बाई, तुमची तळमळ मला दिसली. पण उपक्रम फसलाय. घरोघरी साखर आहे. असं असताना सरकारनं इंजेक्शनं का द्यावीत? मला औषध बंद करण्याची शिफारस करावी लागेल."

मग मागून कौसल्याबाई पुढे आल्या. पदराखालून त्यांनी तो जर्मनचा डबा काढला आणि माझ्या कागदांवर ठेवला.

"हा एकच डबा हाये साहेब."

"एकच म्हणजे?"

"आख्ख्या वस्तीत एकच. सिस्टरनं वरीसभर आमच्या घरची साखर बंद केली. हा विहारातला, पाहुन्यासाठी ठेवलेला. तुमी म्हनले, सगळ्याच्या घरी चहा पेतो. मंग काय करता? मी मागच्या दारानं डबा घेऊन पळत होती, आन् आमचे मालक तुमाले दारात बोलण्यात गुंतवून ठेवत होते."

मी तुळशीरामांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते.

"पण मला साखर दिलीच पाहिजे असं थोडंच होतं?" मी म्हणालो.

कौसल्याबाईंचा आवाज चढला. "काऊन नाई? तुमच्यातला मानूस पह्यल्यांदा आमच्या घरात बसून चहा पेते, अन् त्याले बिनसाखरेचा द्याव? मंग तुमी बुलढान्याले जाऊन काय सांगसान? आमच्या मानापायी म्या आज अकरा घरं पळाली साहेब, अन् तुमी माह्यं इंजेक्शन बंद करता."

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला शरम वाटली. पण शरम वाटली की माणूस शहाणा होतो असं काही नाही. मी आणखी ताठ झालो. म्हटलं, "याला पुरावा काय?"

"पुरावा आहे ना," शेवंताबाई म्हणाल्या. "तेच सकाळपासून सांगतेय."

स्पिरिटचा दिवा पेटला. पद्धत सोपी होती. नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात आठ थेंब लघवी, आणि तापवायचं. निळं राहिलं तर साखर नाही. साखर जितकी जास्त तितका रंग बदलणार, आधी हिरवा, मग पिवळा, शेवटी विटकरी. एकेक करून अकरा नळ्या झाल्या. नऊ निळ्या. दोन किंचित हिरवट. कौसल्याबाईंची तर निळीशार, डबा घेऊन पळण्याचा फायदा झाला असणार.

इथे गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण पाचवा प्रश्न आठवला, तपासणीची खात्री कशी केली? आणि माझ्यातला बी.ए. जागा झाला.

"बाई, हे औषधच शिळं असेल तर? मग ते सगळ्यांचंच निळं दाखवेल. तुलनेसाठी एक निरोगी नमुना पाहिजे."

"निरोगी माणसाचं निळंच राहणार साहेब. त्यानं औषधाची खात्री कशी होईल?"

"शास्त्र आहे ते," मी म्हणालो. मला स्वतःला ते शास्त्र कळत नव्हतं, हे उघड आहे. "माझा नमुना घ्या." आणि वेळ वाचावा म्हणून तपासणीच्या आधीच फॉर्मवर शाईनं लिहून मोकळा झालो: 'निरोगी नमुना: स्वतः परीक्षक.' खाली सही. कार्बन दोन.

नळी दिव्यावर धरली. सगळी वस्ती वाकून बघत होती. निळं हिरवं झालं. हिरव्याचं पिवळं झालं. पिवळ्यावर थांबेल असं वाटत होतं, नाही थांबलं. नव्या घराच्या विटेसारखा रंग आला.

"औषध ताजं आहे साहेब," शेवंताबाई शांतपणे म्हणाल्या. "खात्री झाली."

"अहो, अकरा कप गोड चहा प्यायल्यावर कुणाचीही अशीच येणार."

"मीपण सगळ्यांच्या घरी प्यायले." त्यांनी स्वतःचीही तपासली. निळी. माझी पुन्हा तपासली. वीट.

मग त्यांनी मला विचारलं, तहान लागते का, रात्री किती वेळा उठता, कपडे सैल झालेत का. मी प्रत्येकाला हो म्हणत गेलो, आणि मनात त्या शिंप्याची माफी मागत गेलो. खरं सांगतो, घाबरलो होतो.

कौसल्याबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. ज्या बाईचं इंजेक्शन मी अर्ध्या तासापूर्वी बंद करायला निघालो होतो, ती मला म्हणाली, "भेऊ नका. मलेही पह्यले असंच वाटलं होतं. भाकर खात जा, मेथी खात जा, चालत जा. होते सगळं बरोबर." तुळशीरामांनी पाणी आणून दिलं. या वेळी काही प्रश्न विचारला नाही.

दुसरा कोरा फॉर्म माझ्याजवळ नव्हता. आणि आमच्या कचेरीचा नियम असा की जिथे खोडाल तिथे शेजारी सही करायची. मी 'निरोगी' खोडलं, सही केली. 'योजनेतून वाटप' खोडलं, सही. 'वाहतुकीत पोचे' खोडलं, सही. 'दमा' खोडलं, सही. शेवटी त्या कागदावर मजकूर कमी आणि माझं नाव जास्त झालं. शिफारस मात्र स्वच्छ अक्षरात लिहिली: औषध आणि इंजेक्शनं चालू ठेवावीत, रोगी अकराऐवजी बारा धरावेत.

साहेबांनी अहवाल वाचला. मोठ्यानं वाचला, सगळी कचेरी हसली. मग सगळे गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "तहान म्हणजे किती लागायची हो तुम्हाला?"

मंजुरी आली. मी मंगळवारी रजा टाकून वस्तीत जाऊ लागलो. बुलढाण्याच्या दवाखान्यात गेलो असतो तर रोज चारजणांनी विचारलं असतं, विटा कशा काय. पहिल्या मंगळवारी कौसल्याबाईंनी चहा दिला. घोट घेतला, साखरेचा कण नाही. मला जरा लागलंच. म्हटलं, "काय बाई, पाहुण्याला असा चहा?"

"पाहुना कोन हाये इथं?" त्या म्हणाल्या. "तुमचा नंबर बारा हाये. पिऊन घ्या."

एवढ्यावर संपलं असतं तर माझी थोडी तरी अब्रू राहिली असती. पण वर्षभरानं पुन्हा मूल्यमापन ठरलं, आणि आता मीच रोगी, तेव्हा दुसरा कारकून गेला. नवा पोरगा, मॅट्रिक. त्याचा अहवाल नक्कल करायला माझ्याच टेबलावर आला. अकरा रोगी पथ्य पाळतात, असं होतं. सहाव्या प्रश्नापुढे, समजावण्यास कठीण रोगी म्हणून, माझं पूर्ण नाव. चिखलीच्या स्टँडवर मी पेढे घेतो हे त्याला वस्तीतल्या कुणीतरी सांगितलं होतं. कुणी ते मला ठाऊक आहे, डबा घेऊन पळणाऱ्या बाईशिवाय इतकं वेगानं कोण सांगणार?

कारणाच्या जागी त्यानं अज्ञान खोडलं होतं, दारिद्र्य खोडलं होतं, अंधश्रद्धा खोडली होती, प्रत्येकाशेजारी नियमाप्रमाणे सही. आणि पुढे हातानं लिहिलं होतं: बी.ए.